अंगठा आईचा, पैसे कुणाचे?

पत्र

ताई, माझं माहेर समुद्रपूर तालुक्यात आहे आणि सासर वरोऱ्याकडं. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. आई ७१ वर्षांची आहे, भाऊ-वहिनीजवळ राहते. साडेपाच एकर वावर आहे. बाबांच्या मागं सातबाऱ्यावर आईचं, भावाचं आणि माझं अशी तीन नावं लागली. आईला निराधारचे महिन्याला दीड हजार येतात. दिवाळीला गेले तेव्हा तिच्याजवळ बीपीच्या गोळ्यांपुरतेही पैसे नव्हते. पासबुक वहिनीच्या कपाटात. आईला विचारलं तर म्हणे, "मले काय मालूम बाई, सारं तोच पाह्यते. अंगठा लावाले नेते न आणते." गळ्यात एकदाणी नव्हती. "ठेवाले देल्ली" एवढंच बोलली. मागच्या महिन्यात भावानं 'पेन्शनचं काम आहे' म्हणून तिला तालुक्याला नेलं, फोटो काढला, अंगठे घेतले. कशावर घेतले ते तिला सांगता येत नाही. आता मला फोन येतात, एक दिवस ये आणि हक्कसोडवर सही करून जा. भाऊ वाईट नाही हो. दोन वर्षं कपाशीत घाटा आला, डोक्यावर कर्ज आहे, आईला दवाखान्यात तोच नेतो. पण माझं मन मला खातं. विचारायला गेले तर गाव म्हणेल, पोरगी हिस्सा मागायला आली. काय करू?

– एक लेक, वरोरा

उत्तर

ताई,

बाकी गोष्टींना आठ-पंधरा दिवस लागले तरी चालेल, पण हक्कसोडपत्रावर आत्ता सही करू नका. आईचे अंगठे कोणत्या कागदावर लागले हे तुम्हाला माहीत नाही, तिलाही नाही. समजा ते तिच्या हिश्श्याचं बक्षीसपत्र निघालं आणि वरून तुम्हीही तुमचा हिस्सा सोडला, तर सातबाऱ्यावर एकट्या भावाचं नाव राहील. मग वावर विकायचं झालं किंवा गहाण टाकायचं झालं तरी आईला विचारायची कुणाला गरज उरणार नाही. म्हणजे आज त्या सातबाऱ्यावर असलेलं तुमचं नाव आईच्याही कामाचं आहे. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नंतर फिरवायचं म्हणजे दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या आल्या. भावाचा फोन आला की शांतपणे एवढंच सांगा, "आईचे कागद एकदा माझ्या डोळ्यांनी पाहू दे, मग बसून ठरवू." त्यावर तो चिडला तर चिडू द्या. वाद घालू नका आणि तारीखही देऊ नका.

आता भावाबद्दल. तुम्ही त्याची बाजू मोकळ्या मनानं लिहिली, ते मला फार मोलाचं वाटलं. या सदराकडं येणाऱ्या अशा पत्रांत बहुतेक वेळा एक राक्षस असतो आणि एक देवता असते. घरात तसं क्वचितच असतं. आईला दवाखान्यात नेणारा हात आणि तिच्या खात्यातून पैसे काढणारा हात एकाच माणसाचा असू शकतो. दोन्ही खरं असतं, आणि पहिल्यामुळं दुसरं माफ होत नाही.

वेगळं करून पाहू. कापूस विकला आणि आईचं नाव सातबाऱ्यावर असल्यामुळं त्याचे पैसे तिच्या खात्यात आले असतील, तर त्यात भावाची वर्षभराची मेहनत आहे, बियाण्याची, खताची, फवारणीची उधारी आहे. ते त्यानं काढले म्हणून त्याला चोर म्हणता येणार नाही. फक्त किती आले आणि कुठं गेले हे आईला कळायला हवं, कारण त्यात तिचाही वाटा आहे. दीड हजारांची गोष्ट निराळी. लोक त्याला सरसकट 'निराधारचे' म्हणतात. आईच्या वयाला ते बहुधा श्रावणबाळ योजनेचे असतील. कोणत्याही योजनेचे असोत, ते सरकारनं एका म्हाताऱ्या माणसाच्या हातखर्चाला दिलेले आहेत, घराच्या उधारीला दिलेले नाहीत. आणि एकदाणी तर तिचं स्त्रीधन. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबर आर्थिक छळही धरला आहे, आणि बाईचं स्त्रीधन परस्पर विकणं किंवा तिला लागणारा पैसा तिच्यापासून अडवून ठेवणं त्यात येतं. हा कायदा फक्त सुनेसाठी आहे असा आपल्याकडं समज आहे. तसं नाही, एकाच घरात राहणाऱ्या मुलाविरुद्ध आईसुद्धा त्याखाली दाद मागू शकते.

मी प्रत्येक व्यवहाराला दोनच प्रश्न लावते. आईला हे माहीत होतं का? आणि ती नाही म्हणू शकली असती का? तिनं समजून-उमजून मुलाच्या कर्जासाठी एकदाणी काढून दिली असेल, तर ती तिची माया आहे, त्यात तुम्ही-मी बोलायचं कारण नाही. पण 'नाही म्हटलं तर उद्या जेवायला कोण वाढील' या भीतीनं दिली असेल, तर ते देणं नव्हे. हे फक्त आईच सांगू शकते. म्हणून भावाशी बोलायच्या आधी आईशी बोला.

वहिनी स्वयंपाकघरात आणि तुम्ही दोघी ओसरीवर, अशा बेतानं हे बोलणं व्हायचं नाही. आईला चार दिवस तुमच्याकडं आणा. डोळे तपासायचं निमित्त चालेल, महालक्ष्म्यांचं चालेल. पहिल्या दिवशी पैशांचं नावही काढू नका. नंतर केव्हातरी भाजी निवडताना साधं विचारा: "निराधारचे आले का गं या महिन्याचे? तुझ्या हातात किती येतात?" एकदाणीचं विचारताना "त्यानं घेतली का" असं विचारू नका, "तू देल्ली का" असं विचारा. पहिल्या प्रश्नावर ती मुलाला वाचवायला जाईल, दुसऱ्यावर आठवायला लागेल. आणि ती रडली तरी लगेच "मी पाहते त्याला" म्हणू नका. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांना दोन भीती असतात: पोराचं नाव गावात खराब होईल, आणि शेवटचं पाणी पाजायला कुणी उरणार नाही. तुमच्या तोंडून रागाचा एक शब्द निघाला की ती पुन्हा "सारं तोच पाह्यते" वर येऊन थांबेल.

त्या तालुक्याच्या फेरीबद्दल मात्र तिला बारीकसारीक विचारा. कोणत्या इमारतीत गेले होते? खुर्चीवर बसवून कॅमेऱ्यासमोर फोटो काढला का? डाव्या अंगठ्याचा ठसा मशीनवर घेतला का? सोबत आणखी दोघा माणसांचेही फोटो काढले का? कुणी विचारलं का, "कबूल आहे का?" हे मी उगाच विचारायला सांगत नाही. खरंच पेन्शनचं काम असू शकतं. या योजनांत दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि त्यासाठी माणूस तहसीलमध्ये संजय गांधी योजनेच्या टेबलाशी जातो. पण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, ज्याला आपण रजिस्ट्री म्हणतो, दस्त करून देणाऱ्याचा फोटो आणि अंगठा घेतात, त्याची ओळख पटवणाऱ्यांचेही फोटो घेतात आणि दस्त कबूल आहे का असं तोंडी विचारतात. आईच्या आठवणीत ही दुसरी जागा असेल तर काहीतरी नोंदलं गेलं आहे, हे पक्कं धरा.

काय नोंदलं गेलं ते शोधणं अवघड नाही, आणि त्यासाठी भावाला विचारायचीही गरज नाही. गावाचं नाव आणि गट नंबर घ्या. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साइटवर १५ रुपयांत मिळतो, सेतू केंद्रातही काढून देतात. त्यात तीन गोष्टी पाहा: नावं तिन्ही आहेत का, 'इतर अधिकार' या रकान्यात कुठल्या बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा चढला आहे का, आणि खाली एखादा फेरफार प्रलंबित दाखवला आहे का. हा बोजाचा रकाना लोक वाचतच नाहीत. आईच्या नावावर कर्ज उचललं असेल तर ते तिथंच दिसेल. मग नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये त्या गट नंबरवर दस्त झाला आहे का ते शोधा आणि असला तर त्याची सूची क्रमांक दोन काढा. कोणता दस्त, कुणी कुणाला करून दिला, कोणत्या तारखेला, सगळं तिथं आहे. दस्ताची प्रमाणित नक्कल रजिस्ट्रीतून मिळते, शेवटच्या पानांवर आईचा फोटो आणि सोबतच्या माणसांचे फोटोही असतात. ती नक्कल हातात आली की अर्धं धुकं आपोआप जाईल.

नोंदणी झालेल्या दस्तावरून फेरफार तलाठ्याकडं जातो (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं). हितसंबंध असलेल्यांना त्याची नोटीस निघते, 'आपली चावडी' या साइटवरही ती लागते, आणि हरकत घ्यायला १५ दिवस असतात. आईच्या नावानं लेखी हरकत द्या, अंगठा तिचा, आणि पोच घ्या. हरकत आली की ती नोंद तक्रारी नोंदवहीत जाते आणि सुनावणी झाल्याशिवाय मंजूर होत नाही. मुदत निघून गेली असेल तरी हातपाय गाळू नका. फेरफार ही फक्त महसुलाची नोंद आहे, मालकी दस्तावर ठरते. आणि फसवून करून घेतलेला दस्त रद्द करायचा दावा फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत लावता येतो.

आता बँक. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्या गावांमध्ये म्हाताऱ्या माणसांचा पैसा सगळ्यात जास्त याच वाटेनं जातो असं मला दिसतं, आणि तो काही फक्त घरच्यांच्याच हातानं जात नाही.

जन्मभर कापूस वेचून, निंदून आईच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रातल्या मशीनवर तिचा अंगठा पहिल्या फटक्यात लागत नाही. पोरगा म्हणतो, "नाही लागला आजी, पुन्हा लावा." मग दुसरं बोट, मग हात पदराला पुसून पुन्हा. या चार वेळांत खरंच एकदाच पैसे निघाले की दोनदा, हे तिला कळायला काही मार्ग नसतो. अंगठ्याच्या व्यवहाराला ना पिन लागतो ना ओटीपी. आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोट, एवढ्यावर एका वेळी दहा हजारांपर्यंत निघू शकतात. बहुतेक केंद्रचालक इमानदार आहेत, उन्हातान्हात गावाची सोय करतात. पण पावती न देणारा केंद्रचालक आणि आजीला स्टुलावर बसवून स्वतः काउंटरवर बोलणारा घरचा माणूस, ही जोडी जमली की त्या अंगठ्यावर काहीही होऊ शकतं.

म्हणून आईला घेऊन शाखेत जा, केंद्रात नको. पासबुक भरून घ्या. पासबुक घरून मिळत नसेल तर खातेदार स्वतः समोर असताना बँक दुसरं देते, त्यासाठी भांडण उकरायचं कारण नाही. मागच्या वर्षभराच्या नोंदी ओळीनं वाचा. रक्कम अंगठ्यानं काढली असेल तर नोंदीपुढं सहसा एईपीएस असं येतं. एटीएम असं आलं तर आईचं कार्ड कुणाच्या तरी खिशात आहे. विड्रॉल स्लिपनं मोठी रक्कम निघाली असेल तर आई स्वतः शाखेत आली होती, तिला आठवायला हवं. केंद्रचालकानं परस्पर पैसे काढल्याचं दिसलं, तर त्याच दिवशी बँकेला लेखी द्या आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर नोंदवा. अशा तक्रारीत पहिल्या तीन कामाच्या दिवसांना फार महत्त्व आहे.

मग खात्याला कुणाचा मोबाइल जोडला आहे ते पाहा. भावाचा असेल तर पैसे आल्याचा प्रत्येक मेसेज त्याला जातो आणि आईला कधी कळतच नाही. आईजवळ साधा बटणाचा मोबाइल असला तरी पुरे, तो नंबर लावा. तिला वाचता येत नसेल तर शेजारच्या शाळकरी पोरीला दाखवता येईल. कार्ड तिला नको असेल तर बंद करून टाका. आधारचं बायोमेट्रिक लॉक करायची सोयही आहे, पण घाईनं करू नका. लॉक असताना रेशन दुकानातही अंगठा लागणार नाही आणि तांदूळ-गहू अडेल. आधी आधारला जोडलेला मोबाइल आईजवळचा करून घ्या, लॉक उघडायला कुणीतरी शिकून घ्या, मगच विचार करा. तोवर एकच नियम तिच्या गळी उतरवा: अंगठा लावला की पावती मागायची, 'फेल झालं' म्हणाले तरी फेलची पावती मागायची.

हे सगळं हाती आलं की भावाशी बोला. गावात नको, नातेवाइकांच्या पंचायतीत नको, आणि वहिनीला दोष देऊन तर मुळीच नको. त्याच्यावर किती कर्ज आहे, कुणाकुणाचं आहे, त्यात खासगी सावकार किती, हे आधी विचारा आणि खरोखर ऐका. आपल्या भागात हा प्रश्न शेतीपासून वेगळा काढता येत नाही. ज्येष्ठांवरील अत्याचाराविरुद्ध जागृतीचा जागतिक दिवस १५ जूनला असतो. त्या तारखेला आपल्याकडं मृग लागलेला असतो, बियाण्याच्या थैल्यांसाठी कृषी केंद्रापुढं गर्दी असते, आणि ज्याच्या हातात रोकड नाही तो घरातली शेवटची रोकड शोधत असतो. ती बहुतेक वेळा आईच्या खात्यात असते. भावाची अडचण खरी आहे असं मी धरून चालते. पण अडचण सांगून उसने घेणं आणि न सांगता काढणं यात त्याला फरक दाखवायला हवा, आणि तो तुम्हीच दाखवू शकता, कारण त्याच्याबद्दल तुमच्या मनात जिव्हाळा आहे.

त्याच्यासमोर मागणी छोटी ठेवा. दीड हजार दर महिन्याला आईच्या हातात, पूर्ण. पासबुक तिच्या उशाशी. कापसाचे पैसे आले की किती आले आणि कुणाकुणाला गेले ते एका वहीत, आईला वाचून दाखवून. एकदाणी कुठं ठेवली, किती रुपयांवर, ती पावती आईजवळ. सोडवायला तुम्ही काही हातभार लावू शकत असाल तर तसं सांगा. एवढ्यावर तो तयार झाला तर बरंच मिळालं.

एक प्रश्न तो नक्की विचारेल, आणि त्याचं उत्तर घेऊनच जा: "एवढा पुळका आहे तर मग घेऊन जा आईला." इथं बहुतेक लेकींची जीभ अडखळते. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा पोटगीची जबाबदारी टाकताना मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. आईचा भार तुमच्यावरही आहे. तेव्हा घरी नवऱ्याशी आधीच बोलून ठेवा. वर्षातले काही महिने ठेवू शकता का? औषधांचा खर्च उचलू शकता का? जे झेपेल तेच बोला, पण काहीतरी ठोस बोला. मग 'हिस्सा मागायला आली' म्हणणाऱ्या गावालाही बोलायला फार जागा उरत नाही. आणि राहिला हिस्सा, तो मागितला तरी त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, कायद्यानं तो तुमचा आहे. फक्त आईच्या पैशांची बैठक आणि तुमच्या हिश्श्याची बैठक एका दिवशी घेऊ नका.

आईला मनापासून वावर भावालाच द्यायचं असेल तर? तो तिचा अधिकार आहे. तिला दोन वाटा समजावून सांगा. मृत्युपत्र केलं तर ती आहे तोवर सगळं तिचंच राहतं, मनात येईल तेव्हा बदलता येतं, दोन साक्षीदार पुरतात आणि मुद्रांक शुल्क लागत नाही. बक्षीसपत्र मात्र केलं की गेलं. आपल्या राज्यात मुलाला शेतजमीन बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे, म्हणून लोक भराभर करून घेतात. करायचंच असेल तर 'मुलानं मला शेवटपर्यंत सांभाळावं, अन्न, कपडा, दवाखाना पाहावा, या अटीवर देत आहे' ही ओळ दस्तात आलीच पाहिजे. त्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ असं सांगतं की सांभाळायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर ते देणं फसवणुकीचं धरून रद्द करता येतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात स्पष्ट केलं की अशी अट होती हे दिसायला हवं. २०२५ च्या जानेवारीत त्याच न्यायालयानं दुसऱ्या एका आईच्या प्रकरणात, हा कायदा म्हाताऱ्यांच्या भल्यासाठी आहे, तेव्हा त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असं म्हणून तिचं बक्षीसपत्र रद्द ठरवलं. दोन्ही निकालांमधून आपल्यासारख्यांनी घ्यायचं एकच: अट कागदावर लिहून घ्या.

बोलून काही झालं नाही, किंवा आईला उपाशी ठेवणं, घराबाहेर काढायची धमकी असं काही सुरू झालं, तर तुमच्या माहेरच्या भागासाठी हिंगणघाटच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो. तेच २००७ च्या कायद्याखालचं न्यायाधिकरण चालवतात. अर्ज आई करू शकते, तिला झेपत नसेल तर तिनं अधिकार दिलेलं कुणीही, म्हणजे तुम्हीही. तिथं वकील उभा करायची पद्धत नाही, आपण आपलं म्हणणं सांगायचं. पोटगी महिन्याला दहा हजारांपर्यंत मिळू शकते आणि पोटगीच्या अर्जाला नोटीस लागू झाल्यापासून ९० दिवसांची मुदत आहे. दस्त रद्द करायचा दिवाणी दावा किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज करायची वेळ आली तर तालुका विधी सेवा समितीकडं जा. बाईला तिथं मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे पाहत नाहीत.

या सगळ्यात आई एखाद्या दिवशी तुम्हाला म्हणेल, "जाऊ दे न बाई, किती दिवस राह्यले माह्ये." तिनं नीट समजून, कुणी समोर नसताना, अर्ज नको म्हटलं तर अर्ज करू नका. सातबारा पाहणं, फेरफारावर नजर ठेवणं आणि सही न करणं ही तुमच्या हातातली कामं आहेत, ती सुरू ठेवा. दर महिन्याला पैसे जमा झाले की तिच्या नंबरवर फोन करा, किती आले आणि तिच्याजवळ किती आहेत एवढंच विचारा. आणि १४५६७ हा ज्येष्ठांचा हेल्पलाइन नंबर तिच्या मोबाइलमध्ये साठवून द्या. फोन फुकट लागतो, सकाळी आठ ते रात्री आठ माणूस बोलतो, मराठीत बोलतो. पहिला फोन तुम्ही शेजारी बसून तिच्याकडूनच लावून घ्या.